नालासोपाऱ्यातला गुन्हेगार नेमका कोण?

"पीएचडी कशावर करतेस?" या प्रश्नाला मी "गुन्हेगारीच्या समाजशास्त्रावर" असं उत्तर दिलं की विरार लोकलमध्ये पुढचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. "मग लांब कशाला जातेस? नालासोपाऱ्यात उतर." सगळ्या हसतात आणि मग कारणंही सांगतात. बाहेरून आलेली माणसं, चाळींतली गर्दी, बेकार पोरं. आईबाप दोघंही पहाटेच्या गाडीनं जातात, मग पोरांकडे बघणार कोण?

ही डब्यातली उत्तरं आणि माझ्या पाठ्यपुस्तकांतली उत्तरं यांत फारसं अंतर नाही. "बाहेरून आलेली माणसं आणि गर्दी" याला पुस्तकात सामाजिक विघटन म्हणतात. "बेकार पोरं" म्हणजे ताण सिद्धांत. "पोरांकडे बघणार कोण" म्हणजे सामाजिक बंधांचा सिद्धांत. नावं भारी आहेत, पण उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यासमोरचं चित्र दोन्हीकडे एकच: चाळीत राहणारा, तरुण, गरीब मुलगा. प्रश्न "लोक गुन्हा का करतात?" असा विचारलेला असतो, उत्तर मात्र "ही पोरं गुन्हा का करतात?" या प्रश्नाचं मिळतं.

या पोस्टमध्ये मी सिद्धांत एकामागून एक परीक्षेच्या नोट्ससारखे सांगणार नाही. ते इंटरनेटवर सगळीकडे मिळतात. त्याऐवजी आपल्याच भागातलं एक प्रकरण घेऊ आणि प्रत्येक सिद्धांताला विचारू, "बाबा, हे तुला समजावून सांगता येतं का?" प्रकरण मुद्दाम असं निवडलंय की ज्यात चाळीतलं पोर नाही.

प्रकरण : ४१ इमारती

नालासोपारा पूर्वेला आचोळ्यातली अग्रवाल नगरी तुम्हाला माहीत असेल. विकास आराखड्यात तिथली सुमारे ६० एकर जागा मलनिस्सारण प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव होती. २००९ च्या आसपास, म्हणजे वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली त्याच सुमारास, इथे बेकायदा बांधकाम सुरू झालं. होता होता ४१ इमारती उभ्या राहिल्या. बनावट परवानग्या दाखवून त्यांतली घरं विकली गेली. ८ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, पण इमारती वाचल्या नाहीत. फेब्रुवारी २०२५ पर्यंत सगळ्या ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली.

मे २०२५ मध्ये ईडीनं या प्रकरणात मुंबई आणि हैदराबादमध्ये १३ ठिकाणी छापे घातले. महापालिकेच्या नगररचना विभागातल्या तेव्हाच्या उपसंचालकांकडून सुमारे ९ कोटींची रोकड आणि २३ कोटींचे दागिने व सोनं जप्त केल्याचं ईडीनं जाहीर केलं. पुढे ऑगस्टमध्ये ते उपसंचालक, माजी आयुक्त, एक माजी नगरसेवक अशांना अटक झाली. त्यापैकी माजी आयुक्तांची अटक उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बेकायदा ठरवली. हे सगळे आज आरोपी आहेत, दोषी नाहीत. हे वाक्य मी केवळ वकिली सावधपणा म्हणून लिहीत नाहीये. पुढे या फरकाचंच काम पडणार आहे.

हे एकटंदुकटं प्रकरणही नाही. २०२३ मध्ये विरार पोलिसांनी बनावट कागदपत्रांवर इमारती बांधणारी टोळी पकडली, तेव्हा ५५ इमारतींची यादी निघाली. सोबत सापडले रबरी शिक्के आणि सरकारी कार्यालयांच्या नावांची लेटरहेड. खाडीपलीकडे कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारावर महारेराची नोंदणीसुद्धा मिळवली होती.

तर हा आपला पेपर. आता एकेक सिद्धांत बोलवूया.

लोम्ब्रोझो : चेहऱ्यावर लिहिलेला गुन्हा

सिझारे लोम्ब्रोझो हा इटालियन डॉक्टर. १८७६ च्या पुस्तकात त्यानं मांडलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते त्यांच्या कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून ओळखता येतं. आज हे कोणी गंभीरपणे घेत नाही, त्यामुळे यावर जास्त वेळ घालवत नाही. फक्त एक आठवण करून देते. त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, आपल्याकडे इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला होता. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही आला. अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरल्या. हजेऱ्या लागल्या, तारेच्या कुंपणातल्या वसाहती झाल्या. सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल तुम्ही वाचलं असेल. १९५२ मध्ये कायदा गेला आणि या जमाती "विमुक्त" झाल्या. पण आजही कुठे घरफोडी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात.

४१ इमारतींच्या बाबतीत लोम्ब्रोझोकडे सांगण्यासारखं काही नाही. कुठल्याही अभियंत्याचा जबडा मोजायला कोणी गेलेलं नाही. मोजमाप कुणाचं होतं हा प्रश्न मात्र लक्षात ठेवा.

शिकागोचे नकाशे आणि "बाहेरचे लोक"

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांचं १९४२ चं पुस्तक मला मनापासून आवडतं. त्यांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारांचे पत्ते नकाशावर टाकले. शहराच्या मध्याजवळच्या, कारखान्यांना लागून असलेल्या, भाड्याच्या खोल्यांच्या वस्त्यांत ठिपके दाट दिसले. बाहेरच्या दिशेनं जावं तसे विरळ झाले. त्यांचं म्हणणं असं की जिथे गरिबी आहे, लोक सतत येतात-जातात आणि नाना ठिकाणची माणसं एकत्र राहतात, तिथे शेजारपाजाराची पकड सैल होते. हेच सामाजिक विघटन.

आता डब्यातल्या बायका म्हणतील, "बघ, आम्ही तेच म्हणत होतो. बाहेरचे लोक." नाही हो. शॉ आणि मॅके यांचा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष नेमका याच्या उलट आहे. त्यांनी अनेक दशकांची आकडेवारी बघितली. त्या काळात त्या वस्त्यांमधले लोक पूर्ण बदलले. आधी जर्मन आणि आयरिश होते, मग पोलिश आणि इटालियन आले. लोक बदलले तरी वस्तीचा गुन्ह्यांचा दर चढाच राहिला. आणि जे लोक तिथून उठून चांगल्या भागात गेले, त्यांच्या मुलांचा दर उतरला. म्हणजे कारण माणसांच्या जातीकुळीत नसून जागेच्या परिस्थितीत होतं. ज्या पुस्तकाच्या नावानं आपण परप्रांतीयांकडे बोट दाखवतो, ते पुस्तक ते बोट खाली करायला सांगतं.

एवढं श्रेय दिल्यावर आता टीका. शॉ आणि मॅके यांचे ठिपके आले कुठून? बाल न्यायालयाच्या नोंदींतून. ज्याला पोलिसांनी पकडून न्यायालयात उभं केलं, त्याचाच ठिपका पडला. कंपनीच्या कचेरीत बसून खोटे हिशेब लिहिणाऱ्याचा ठिपका कुठल्याच नकाशावर नाही. आपल्याकडेही मोजणीची तीच गत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात एफआयआर मोजले जातात आणि एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच धरला जातो. याचा अर्थ बघा. तुळिंज रोडवर वेगवेगळ्या दिवशी ४१ बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या खेचल्या गेल्या आणि प्रत्येकीनं तक्रार दिली, तर ते ४१ गुन्हे. ४१ इमारती एकाच एफआयआरमध्ये आल्या, तर तो एक गुन्हा. हा आकडा नकाशावर टाकला की नालासोपारा कसं दिसेल ते सांगायला नको.

आणि विघटनाचं काय? ४१ इमारती बांधायला जमीन मिळवणारा, आराखडा काढणारा, शिक्के बनवणारा, सिमेंट-सळई उधारीवर देणारा, घरं विकणारा एजंट आणि कानाडोळा करणारा असे सगळे लागतात. यांच्यात विघटन कसलं? हे तर उत्तम संघटन आहे. आपल्या कित्येक सोसायट्यांना पाण्याच्या टाकीसाठी एवढी एकी जमत नाही.

मर्टन आणि हर्शी : ताण कुणाला, बंध कुणाचे?

रॉबर्ट मर्टननं १९३८ मध्ये साधी आणि जोरकस गोष्ट मांडली. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोचायचा सरळ रस्ता सगळ्यांना देत नाही. मग काही जण स्वप्न तेच ठेवतात आणि रस्ता बदलतात. बाराशेच्या मोबाइलवर लाखाच्या फोनची जाहिरात बघणाऱ्या मुलाला हे चपखल लागू पडतं.

आपल्या प्रकरणात मर्टन अर्धाच चालतो. ज्याच्याकडे आधीच जमीन, पैसा, ओळखी आणि कधी नगरसेवकपदही आहे, त्याला सरळ रस्ता बंद होता असं म्हणता येत नाही. त्याला तो रस्ता लांबचा वाटला, एवढंच. मर्टनचा ताण बसतो तो घर घेणाऱ्याला. पालघर जिल्ह्यातल्या, कोकणातल्या, उत्तरेतल्या माणसाला मुंबईजवळ स्वतःचं घर हवं आहे आणि अधिकृत घराची किंमत त्याच्या पगाराला झेपत नाही. तो स्वस्तातलं, पूर्ण कागद नसलेलं घर घेतो. गंमत अशी की आपल्या प्रकरणात ताण ज्याच्यावर आहे तो फसलेला आहे, आणि फसवणारा निवांत आहे.

ट्रॅव्हिस हर्शीचा १९६९ चा सिद्धांत प्रश्न उलटा करतो. लोक गुन्हा का करतात हे सोडा, बहुतेक लोक का करत नाहीत ते बघा. उत्तर : कुटुंब, शिक्षण, कामधंदा, समाजमान्य श्रद्धा यांचे बंध माणसाला धरून ठेवतात. हर्शीचा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांवर होता आणि त्या वयाला तो बऱ्यापैकी लागूही पडतो. पण आपल्याकडच्या बांधकाम व्यावसायिकाचे बंध मोजून बघा. घरदार आहे, मुलं चांगल्या शाळेत आहेत, नवरात्रीच्या मंडळाचा तो आधारस्तंभ, रक्तदान शिबिराच्या फलकावर त्याचाच फोटो. हर्शीच्या फूटपट्टीनं हा शंभरपैकी पंचाण्णव गुण मिळवेल. त्याचे बंध त्याला गुन्ह्यापासून अडवत नाहीत. तेच बंध भांडवल म्हणून कामाला येतात. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, एवढा मोठा माणूस, तो फसवेल का?"

सदरलँड : हाच तो उत्तराच्या जवळ जाणारा

डिसेंबर १९३९ मध्ये एडविन सदरलँड हे अमेरिकन समाजशास्त्र संघटनेचे अध्यक्ष म्हणून भाषणाला उभे राहिले आणि आपल्याच क्षेत्राला त्यांनी सुनावलं. गुन्ह्याचं कारण गरिबी आहे असं तुम्ही म्हणता, कारण तुम्ही फक्त गरिबांचे गुन्हे मोजता. प्रतिष्ठित माणसं आपल्या व्यवसायात जे गुन्हे करतात त्यांना त्यांनी नाव दिलं, पांढरपेशी गुन्हेगारी. १९४९ च्या पुस्तकात त्यांनी अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांविरुद्धचे ९८० निर्णय गोळा केले. त्यातले जेमतेम १६ टक्के फौजदारी न्यायालयांचे होते. बाकी सगळं दिवाणी न्यायालयं, आयोगांचे आदेश, तडजोडी यांवर भागलं होतं. बदनामीच्या दाव्याच्या भीतीनं प्रकाशकानं कंपन्यांची नावं काढायला लावली. नावांसकट पुस्तक छापून यायला १९८३ उजाडलं, तोवर सदरलँड जाऊन तीस वर्षांहून जास्त झाली होती. हा किस्साच त्यांच्या सिद्धांताचा एक पुरावा आहे.

त्यांचं कारणमीमांसेचं सूत्रही सोपं आहे. गुन्हा शिकला जातो. जवळच्या माणसांकडून, रोजच्या कामातून. दोन गोष्टी शिकल्या जातात : तो करायचा कसा, आणि केला तरी चालतं कसं. आजूबाजूला "चालतं" म्हणणारे जास्त झाले की माणूस त्या बाजूला झुकतो.

आता ४१ इमारती या सूत्रात ठेवून बघा. कुठला शिक्का कुठून करून घ्यायचा, कुठल्या सर्व्हे नंबरवर अजून कोणाचं लक्ष नाही, नोटीस आली की स्थगिती कशी मिळवायची, हे कॉलेजात शिकवत नाहीत. हे हाताखाली काम करून शिकतात. ईडीचा आरोप आहे की परवानग्यांसाठी दर चौरस फुटामागे पैशांचा भाव ठरलेला होता. आरोप सिद्ध व्हायचा आहे. पण शहरात अशी "रेट"ची भाषा कोणाला नवी वाटली नाही, हे तुम्हीही नाकारणार नाही. जिथे भाव ठरतो, तिथे ते एकट्यादुकट्याचं पाप राहत नाही. तो रिवाज होतो, आणि रिवाज नव्या माणसाला शिकवला जातो.

"चालतं कसं" या दुसऱ्या भागावर साइक्स आणि मॅत्झा यांचा १९५७ चा एक छोटासा लेख आहे. त्यांचं म्हणणं, गुन्हा करणारा नीतिनियम मानत नाही असं नसतं. तो मानतो, पण आपल्यापुरती सूट काढून घेतो. त्या सूटीची वाक्यं आपल्या भागात सहज ऐकू येतात. "आम्ही गरिबाला घर दिलं." म्हणजे कुणाचं नुकसानच झालं नाही. "घेणाऱ्याला माहीत नव्हतं का?" म्हणजे फसलेलाच जबाबदार. "पालिकावाले काय धुतल्या तांदळाचे आहेत?" म्हणजे दोष देणाराच दोषी. आणि घर घेणाराही अशीच एक सूट काढतो, "घरपट्टी भरतो ना, मग झालं." कायद्यानं घरपट्टी भरल्यानं इमारत अधिकृत होत नाही. बेकायदा बांधकामावर तर महापालिकेला दंड म्हणून वेगळी शास्ती लावता येते. पण पावतीवर महापालिकेचं नाव असतं, आणि ज्या घराची पावती महापालिका देते ते घर तीच पाडेल, हे सामान्य माणसाला कसं पटावं?

रखवालदार कुठे होता?

१९७९ मध्ये कोहेन आणि फेल्सन यांनी गुन्हेगाराच्या मनात शिरायचं सोडूनच दिलं. गुन्ह्याला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात : करू इच्छिणारा, सोपं सावज, आणि रखवालदाराची गैरहजेरी. दाराला कुलूप, गल्लीत दिवा, नाक्यावर पोलीस. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, त्यामागची अपेक्षा साधारण हीच होती.

पण आपल्या प्रकरणात रखवालदार गैरहजर होता असं म्हणणं अवघड आहे. चार मजले रात्रीत उभे राहत नाहीत. भरणी होते, डंपर येतात, स्लॅब पडतो, मग दुसरा पडतो. प्रभाग कार्यालयाला हे दिसत नाही? कोहेन आणि फेल्सन यांच्या सिद्धांतात रखवालदार असतो किंवा नसतो. तो तिथेच असून भागीदार असू शकतो, ही तिसरी शक्यता त्यांच्या सूत्रात नाही.

शिवाय कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ५२ विनापरवाना बांधकामासाठी एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड सांगतं. साध्या चोरीलाही कमाल शिक्षा तीन वर्षंच आहे. म्हणजे कमाल कैदेच्या हिशेबात एक मोबाइल आणि एक अख्खी इमारत एकाच रांगेत. बनावट दस्तऐवज आणि फसवणूक यांची कलमं बरीच कडक आहेत, पण ती लागायला आधी कोणीतरी अधिकृतपणे म्हणावं लागतं की हा शिक्का खोटा आहे. ते म्हणायला २०२३, २०२४ उजाडलं.

मग सदरलँडवर टीका काय?

आतापर्यंत मी सदरलँडची बाजू घेतली. आता त्यांच्यातल्या दोन अडचणी.

पहिली, पॉल टॅपन या कायदा शिकलेल्या समाजशास्त्रज्ञानं १९४७ मध्येच दाखवली. न्यायालयानं दोषी ठरवलेलं नसताना तुम्ही कुणालाही गुन्हेगार कसं म्हणता? मग तो अभ्यास राहील की शिव्याशाप? मला हा आक्षेप गंभीर वाटतो. अटक बेकायदा ठरू शकते हे आपण याच प्रकरणात पाहिलं. पण मग तोच नियम नालासोपाऱ्याच्या पोरालाही लावा. पालावरच्या पारध्याला लावा. त्यांना आपण पोलिसांच्या संशयावरच "गुन्हेगारी वस्ती" म्हणून मोकळे होतो आणि अधिकाऱ्याच्या बाबतीत शेवटच्या अपिलापर्यंत थांबतो. थांबायचं तर दोघांसाठी थांबूया.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. सदरलँडच्या जगात वरचे लोक गुन्हा करतात आणि खालचे त्याचे बळी होतात. आपल्याकडे घर घेणारा बळीही असतो आणि कायद्याच्या नजरेत बेकायदा राहणाराही तोच. शिक्षा कोणाला झाली बघा. खटले संपायच्या आधी इमारती पडल्या. न्यायालयाचा आदेश कायद्यानं चुकीचा होता असं मी म्हणत नाही. मलनिस्सारणाची जागा शहराला हवीच आहे. पण ज्या गुन्ह्यात बांधणारा, शिक्का देणारा, विकणारा आणि राहणारा अशी साखळी होती, त्यात पहिली आणि पक्की झळ बसली ती शेवटच्या कडीला. "लोक गुन्हा का करतात?" या प्रश्नाला शिक्षेचं वाटप असं का होतं, हे विचारताच येत नाही. सदरलँडनंही ते पुरेसं विचारलं नाही.

आणि कधी कधी झळ घर जाण्यावर थांबत नाही. २०२५ मध्ये गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. सतरा माणसं गेली. एका लहान मुलीचा पहिला वाढदिवस त्या संध्याकाळी तिथे साजरा होत होता. इमारत अनधिकृत होती आणि तिचं वय होतं जेमतेम दहा-बारा वर्षं. नालासोपाऱ्यातल्या हाणामारीच्या बातम्या आपण वाचतो, घाबरतो, ग्रुपवर फॉरवर्ड करतो. एका रात्रीत सतरा जीव घेणारी घटना आपण "दुर्घटना" या रकान्यात टाकतो. गुन्हेगारीच्या नकाशावर त्या जागेचा ठिपका केवढा असायला हवा?

एक प्रामाणिक आक्षेप

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण रात्री दहानंतर स्टेशनवरून घरी चालत येताना मला भीती बिल्डरची नाही वाटत. बरोबर आहे. रस्त्यावरचा गुन्हा खरा आहे आणि तो सगळ्यात जास्त सोसतात ते त्याच वस्तीतले लोक. त्याचा अभ्यास सोडून द्या असं माझं म्हणणं नाही. त्यासाठी मला सॅम्पसन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९७ चा अभ्यास उपयोगी वाटतो. त्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांमध्ये पाहिलं की जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा आहे आणि काही वेडंवाकडं दिसलं तर कोणीतरी मध्ये पडेल अशी खात्री आहे, तिथे गरिबी असूनही हिंसा कमी आहे. वसईला हे नवीन नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली हरित वसईची चळवळ म्हणजे असंच, गावांनी एकत्र येऊन मध्ये पडणं होतं.

पण साखळी खेचणारा शेजाऱ्याला दिसतो. खोटी परवानगी दिसत नाही. ती फाइलमध्ये असते. शेजाऱ्यानं मध्ये पडावं अशी अपेक्षा असेल तर त्याला फाइल दिसली पाहिजे. प्रत्येक प्रभागातल्या मंजूर बांधकाम परवानग्या आणि अनधिकृत इमारतींची यादी नाक्यावरच्या फलकावर लावली, तर तोही गल्लीतला दिवाच झाला.

म्हणून माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी सध्या पुन्हा लिहायला घेतलंय. त्यात सिद्धांतांचा क्रम तोच राहील, पण प्रत्येकासमोर आधी एक प्रश्न असेल : तू कोणाला मोजलंस? तुम्हीही कधी लोकलमध्ये नालासोपाऱ्याच्या गुन्हेगारीचं कारण ऐकलंत, तर एवढंच विचारून बघा, "कुठल्या गुन्ह्याचं?" आणि नवीन घर बघायला जाल तेव्हा बांधकाम परवानगीचा क्रमांक लिहून घ्या, महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो ताडून बघा. एक दिवस खाडा पडेल, पडू दे.